थांबायचं कोणी ठरवायचं?

वाघोलीतल्या आमच्या गच्चीवरून नगर रस्ता दिसतो. संध्याकाळी केसनंद फाट्याकडे कंटेनर एकामागे एक खोळंबतात, एअरब्रेक फुसफुसतात, आणि लोहगावहून उठलेलं सुखोई डोक्यावरून गेलं की बोलणारा वाक्य अर्धवट सोडून गप्प होतो. याच गच्चीवर सलग दोन संध्याकाळी माझे वडील आणि माझा आतेभाऊ वाद घालत बसले होते.

आबांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. आधी वाघोलीच्या खाणींवर खडीचा, मग लाइनवर, म्हणजे लांब पल्ल्याचा. आतेभाऊ सैन्यात ड्रायव्हर होता. सतरा वर्षं नोकरी करून नाईक म्हणून पेन्शनीत आला. आमच्या भागात फौजी गावी परतला की 'मेजर'च होतो, तसा तोही सगळ्यांचा मेजर झाला. सणसवाडीकडच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला लाइनच्या गाडीवर ड्रायव्हर हवा होता. मेजरला जायचं होतं आणि आबांचा त्याला ठाम विरोध होता. मी फारसं बोलले नाही. जे ऐकलं ते लिहून ठेवलं.

पहिली संध्याकाळ

मेजर : मामा, मला दुसरं काय येतं? बेंगळुरूला एएससी सेंटरमध्ये शिकलो तेव्हापासून हातात स्टिअरिंगच आहे. आधी टाटा अडीच टनी, मग स्टॅलियन. झोजिला केलाय मी. साडेअकरा हजार फूट, एका अंगाला बर्फाची भिंत, दुसऱ्या अंगाला दरी. त्यापुढे पुणे–नागपूर काय जड आहे?

आबा : तुझ्या शेजारी बसून मी डोळे मिटून काशीला जाईन. तुझ्या हाताबद्दल मला शंका नाही. मला एवढंच सांग, झोजिल्यावर गाडी बंद पडली तर काय व्हायचं?

मेजर : रिकव्हरी यायची. ईएमईचे मेकॅनिक असतात.

आबा : रात्री झोपायचास कुठं?

मेजर : ट्रान्झिट कॅम्पात.

आबा : जेवण?

मेजर : लंगरात.

आबा : ताप भरला तर?

मेजर : एमआय रूमला जायचं. डॉक्टर बघायचा.

आबा : आणि निघायचं कधी, थांबायचं कधी, हे कोण ठरवायचं?

मेजर : ऑर्डर असायची. ताफ्याची वेळ ठरलेली, हॉल्टची जागा ठरलेली. चेकपोस्टवर नोंद व्हायची. वेळ टळली किंवा पुढे बर्फ पडला तर गाडी सोडत नसत. कोणी कितीही घाईत असलं तरी नाही.

आबा : मग तू एकट्यानं गाडी कधी चालवलीच नाहीस. तुझ्या एका स्टिअरिंगमागं शंभर माणसं उभी होती. इथं तू, गाडी, आणि फोनवर "कुठं पोचला, कुठं पोचला" विचारणारा माणूस. आमच्या वेळी निदान किन्नर असायचा. टायर बदलायला, ताडपत्री ओढायला, झोप लागली तर खांदा हलवायला. आता किती गाड्यांवर तो दिसतो सांग.

मेजर : म्हणूनच म्हणतो, शिस्तीची माणसं या धंद्यात यायला हवीत. आम्ही रोज सकाळी गाडीखाली घुसायचो. टायर, नट, ब्रेक, गळती, सगळं बघायचं. कार डायरीत किलोमीटर लिहायचे, तेल लिहायचं, सही घ्यायची. सही नसली तर गाडी गेटबाहेर नाही. ही सवय बाहेर आणली तर किती अपघात टळतील?

आबा : त्या एका तासाचे पैसे कोण देणार? मी खाणीवर होतो तेव्हा फेरीवर पैसे मिळायचे. दिवसाला जितक्या फेऱ्या तितकी कमाई. नट आवळत बसलास तर एक फेरी गेली. तुझ्या शिस्तीला पगार होता, मेजर. आमच्या शिस्तीला दंड होता.

मेजर : आणि त्याचं पुढे काय होतं ते आपल्याच फाट्यावर बघितलं ना आपण?

(दोघंही काही वेळ बोलले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्यावर एक डंपर फुटपाथवर चढला. कामाच्या शोधात आलेली मजूर कुटुंबं तिथं झोपली होती. तिघं गेले, त्यांत दोन लहान मुलं. चालक दारू प्यायलेला होता, असं पोलिसांनी सांगितलं. वाघोलीकर अजून त्या जागेवरून जाताना हळू होतात.)

आबा : दारूला माझ्याकडे माफी नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. मी विचार करत होतो, आपल्याही हातून कधीही झालं असतं. मी प्यायचो नाही. पण डोळे मिटायचे. औरंगाबादच्या पुढं एकदा मला शुद्धीवर आल्यावर कळलं की मी चालवतोय. पेंगलेला आणि प्यायलेला, फुटपाथवरच्या माणसाला दोन्ही सारखेच.

मेजर : कायद्यात तर सगळं आहे, मामा. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाचे ८ तास आणि आठवड्याचे ४८ तास ठरवून दिले. सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती.

आबा : एकतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नाही. पहिल्यांदा आज तुझ्याकडून ऐकतोय. आणि मी कोणाला सांगणार होतो? मालकाला? मालकाचा तरी दोष किती? त्याच्यावर पार्टी बसलेली. माल वेळेत नाही आला तर भाडं कापणार.

मेजर : कागद तरी एवढी घाई करत नाही. ई-वे बिलाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. नागपूर सातशे किलोमीटर धरलं तर चार दिवसांची मुदत झाली.

आबा : कागद घाई करत नाही, पार्टी करते. आणि गंमत बघ, एवढं पळवून नेलेला माल गोडाउनच्या दारात दोन-दोन दिवस उभा राहतो, कारण खाली करायला हमाल नाही, जागा नाही. त्या वेळी ड्रायव्हर थांबलेला असतो, पण त्याला विश्रांती म्हणत नाहीत. रांग पुढे सरकली तर? म्हणून गाडीतच बसायचं. फौजेत तू थांबायचास तेव्हा झोपायचास. इथं थांबल्यावरही जागाच.

मेजर : सुधारणा होतायत ना. १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्यानं तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. फास्टॅग आल्यापासून टोलवरचा खोळंबा कमी झालाय.

आबा : एसी चांगलाच आहे. मे महिन्यात इंजिनाशेजारी भाजून निघालेला माणूस आहे मी, एसीला नावं ठेवणार नाही. पण एसीनं ऊन थांबतं, फोन थांबत नाही.

मेजर : तुम्ही सगळं वाईटच सांगताय.

आबा : मग अजून एक ऐक. तुझ्या हातून, देव न करो, अपघात झाला. तू काय करशील?

मेजर : गाडी थांबवीन. जखमीला उचलीन.

आबा : फौजी आहेस, थांबशील. आणि जमाव? लहान गाडीची चूक असली तरी मारतात मोठ्या गाडीवाल्याला. नव्या न्याय संहितेत कलम १०६ चा दुसरा भाग आला. निष्काळजी चालवून कोणाचा जीव गेला आणि पोलिसांना न कळवता पळालास तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हर संपावर गेले ते याच्यासाठी. जुलैत नवा कायदा लागू झाला तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला. लोक म्हणाले, ड्रायव्हरांना पळून जाण्याची मोकळीक हवी आहे. अरे, आम्हाला थांबता येईल असा रस्ता हवा होता. कायदा म्हणतो थांब, जमाव म्हणतो थांबलास तर बघ.

मेजर : तरी मी थांबेन.

आबा : थांबशील, माहीत आहे. म्हणून तर तुझी काळजी वाटते.

(आई चहा घेऊन वर आली होती. कप देऊन ती खाली जायची ती जिन्यापाशीच उभी राहिली.)

आई : मी एक विचारू? तू फौजेत होतास तेव्हा तुझी बायको कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. सुट्टीची तारीख. तारीख पुढे गेली तर रडायची, पण तारीख असायची. मी एकतीस वर्षांत एकदाही असा गोल केला नाही. "येतो दोन-तीन दिवसांत" म्हणून हे निघायचे. दोन-तीन दिवस म्हणजे किती, हे भाड्यावर. तिकडून रिटर्न भाडं मिळालं तर परत, नाही मिळालं तर तिकडूनच आणखी पुढे. हिच्या बारशाला हे विजयवाड्याला होते. तू जा नाहीतर जाऊ नकोस, पण तिला तारीख देता येईल का, तेवढं आधी बघ.

दुसरी संध्याकाळ

आबा : दुसरे रस्ते बघितलेस का? राज्य सरकारच्या क आणि ड गटात माजी सैनिकांना १५ टक्के आरक्षण आहे. सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन नाव नोंदव. घोरपडीला मेस्कोचं कार्यालय आहे, माजी सैनिकांचंच महामंडळ. एसटीत बघ. याच रस्त्यावरून, १ जून १९४८ ला, पुणे–नगर अशी पहिली एसटी धावली होती. एसटीच्या ड्रायव्हरलाही त्रास आहेत, पण ड्युटीचा तक्ता आहे, मुक्कामाला डेपो आहे. तुझ्या फौजेच्या जवळचं काही असेल तर ते.

मेजर : नाव नोंदवलंय. जाहिरात निघेल, परीक्षा होईल, यादी लागेल. तोपर्यंत? निवृत्तीच्या आधी पुनर्वसनाचे कोर्स असतात, त्यातून बरोबरचे बरेच सिक्युरिटीत गेले. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत गेली, सोसायट्या उभ्या राहिल्या, प्रत्येक फाटकाला फौजी हवा असतो. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण बर्फात गाडी काढलेल्या माणसाला रजिस्टरमध्ये स्विगीवाल्याची वेळ लिहायला बसवलं की त्याच्या आतलं काहीतरी गंजतं, मामा. मी सदतीस वर्षांचा आहे. मला माझं काम करायचंय.

आबा : राळेगणचे अण्णा हजारेही फौजेत ड्रायव्हरच होते. १९६५ ला खेमकरणला गोळीबारात सापडले, त्यातून वाचले. परत आल्यावर ट्रकवर नाही बसले.

मेजर : त्यांनी गाव हातात घेतलं. प्रत्येकाच्या वाट्याला तसं गाव येत नाही. काही जणांच्या वाट्याला रस्ताच येतो. अमेरिकेत फौजेत दोन वर्षं अवजड गाडी चालवली असेल तर ट्रकच्या लायसन्सची रस्त्यावरची चाचणी माफ करतात. त्यांनी ओळखलंय की हा माणूस तयार आहे.

आबा : चाचणी माफ केली, रस्ता माफ केला का? बरं, तुझ्या कागदांचं काय?

मेजर : फौजेचं लायसन्स आरटीओत जाऊन बदलून घेतलंय. आताच्या बीएस-सहा गाड्या वेगळ्या आहेत, सेन्सर, युरियाची टाकी. ते शिकावं लागेल. भोसरीला सीआयआरटीत ड्रायव्हरांचं प्रशिक्षण चालतं. शिकेन.

आबा : शिकशील. आता मी काल रात्रभर ज्याचा विचार केला ते सांगतो. तुझ्याकडे आमच्यापेक्षा एक गोष्ट जास्त आहे आणि तिचं नाव तू अजून घेतलं नाहीस.

मेजर : शिस्त?

आबा : पेन्शन. पंधरा वर्षं भरली की फौजेत पेन्शन बसते. तुझी चूल त्यावर पेटते, दवाखाना ईसीएचएसचा. मालक म्हणाला, दोन टन जास्त टाक, तर तू नाही म्हणू शकतोस. म्हणाला, रात्रीत नगर, औरंगाबाद, जालना ओलांड, तर तू गाडी बाजूला लावून झोपू शकतोस. काढलं कामावरून तर उपाशी मरणार नाहीस. मला ते कधी जमलं नाही. माझ्या नकाराला मागं काही नव्हतं.

मेजर : मग तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय. माझ्यासारख्यांनीच जायला हवं. आम्ही नाही म्हणालो की हळूहळू सगळ्यांना नाही म्हणता येईल.

आबा : किंवा उलटं होईल. तू म्हणशील, पेन्शन आहेच, पगार थोडा कमी असला तरी चालेल, घरी बसण्यापेक्षा बरं. मालक खूश. आणि तुझ्याशेजारच्या गाडीवरचा पोरगा, ज्याला पेन्शन नाही, ज्याच्या बापाच्या पाठीचे मणके माझ्यासारखे झिजलेत, त्याला मालक सांगेल, फौजी एवढ्यात येतो, तू का जास्त मागतोस? सरकारनं तुला दिलेली पेन्शन अशी त्या पोराच्या ताटातून वजा होईल.

(मेजर बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. हे त्याच्या मनात आलं नव्हतं, हे उघड होतं.)

मेजर : एवढं लांबचं मी बघितलं नव्हतं. पण मामा, मग माझ्यामागून येणाऱ्यांचं काय? जून २०२२ मध्ये अग्निपथ आली. चार वर्षांची नोकरी, त्यांतला फार तर चारातला एक कायम, बाकीचे बाहेर. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस चार वर्षं पुरी करते. त्यांत आपल्या शिरूर-पारनेरची पोरं असतील, साताऱ्याच्या अपशिंग्याची, कोल्हापूरकडच्या सैनिक टाकळीची असतील. त्यांना पेन्शन नाही. हातात सेवानिधीचे ११ लाख ७१ हजार. त्यांतल्या ड्रायव्हर पोरांना सगळ्यात आधी कोण बोलावणार?

आबा : ट्रक विकणारा बोलावणार. अकरा लाख डाउन पेमेंटला घे म्हणणार, बाकीचं कर्ज. पंचविशीतलं पोरगं मालक झाल्याच्या आनंदात सही करणार. आणि मग हप्ता सुरू. मालकाला एक वेळ नाही म्हणता येतं, हप्त्याला म्हणता येत नाही. पाच तारखेचा हप्ता ड्रायव्हरला जितका जागवतो तितकं कोणी जागवत नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी ड्रायव्हर-मालकांच्या गाड्या वित्त कंपन्यांनी ओढून नेल्या. त्या पोरांना एक सांग, पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर धंदा शिका. बिल्टी, भाडं, रिटर्न, हमाली, टायरचा खर्च. गाडी चालवणं फौज शिकवते, भाडं ठरवणं शिकवत नाही.

मेजर : मी नाही गेलो तर त्यांना हे सांगणार कोण? लाइनवर गेलेला फौजीच सांगेल ना?

आबा : तू वाद जिंकण्यात हुशार झालास.

मेजर : वाद जिंकायचा नाही मला. मला तुमची परवानगी हवी.

आबा : परवानगी कसली. अटी काय घालणार आहेस ते सांग.

मेजर : आजच बोलून आलोय ट्रान्सपोर्टवाल्याशी. तीन अटी घातल्या. पहिली, पगार बाकीच्या ड्रायव्हरांएवढाच, एक रुपया कमी नाही आणि ओव्हरलोड नाही. ही अट मी माझ्यापुरती घातली होती. तिच्यानं त्या पोराचंही ताट वाचेल, हे आत्ता तुमच्याकडून कळलं. दुसरी, निघण्याआधी एक तास गाडीची तपासणी, आणि गाडीत कार डायरी. कुठे किती वाजता थांबलो ते मी लिहिणार. तिसरी, रात्री बारा ते पहाटे चार चाक फिरणार नाही. काहीही झालं तरी.

आबा : काय म्हणाला?

मेजर : पहिल्या दोन मान्य केल्या. तिसरीला हसला. म्हणाला, रात्र नाही तर लाइन कसली.

आबा : मग?

मेजर : मी म्हटलं, विचार करून सांगतो. तीनातल्या दोन मिळाल्यात मामा. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. तिसरी पुढे बघता येईल.

(खाली रस्त्यावर कुठल्यातरी कंटेनरनं हॉर्न वाजवला. आबा उठले, कठड्याला हात टेकवून उभे राहिले. पाठ सरळ करायला त्यांना हल्ली वेळ लागतो.)

आबा : पगार मिळतो, डायरी लिहिता येते. एवढं तर कोणीही देईल, त्यानं त्याचं काही अडत नाही. तू फौजेत सतरा वर्षं सुखरूप राहिलास ते हात चांगला होता म्हणून, हे खरं. पण तिथं पुढे जाऊ नको म्हणणारं कोणी होतं, म्हणूनही राहिलास. इथं ते कोणी नाही. ते तुलाच व्हायचंय. तिसरी मिळाली नाही तर पहिल्या दोन कागदावर राहतील.

मेजर : म्हणजे जाऊ नको?

आबा : दोन दिवस मी तुला जाऊ नको म्हणत होतो. आता म्हणत नाही. जा. पण तिसरी अट सोडून जाऊ नकोस. हा नाही म्हणाला तर दुसरा बघ. सणसवाडी, रांजणगाव, चाकण, या पट्ट्यात गाड्या थोड्या आहेत का? कोणीतरी सापडेल. नाही सापडला तर थांब. थांबायला तुला परवडतं. मला परवडलं नाही.

मेजरनं दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाल्याला नकार कळवला. मी हे लिहितेय तेव्हा तो आणखी दोन ठिकाणी बोलून आलाय, अजून हो म्हणणारा भेटलेला नाही. रोज रात्री बाराच्या पुढे गच्चीखालून गाड्या जात राहतात. त्यांतल्या प्रत्येकीत एक माणूस जागा असतो आणि त्याच्या घरी कॅलेंडर कोरं असतं. मला वाटतं, फौजी ड्रायव्हरला आपल्या रस्त्यावर आणायचं असेल तर त्याला टाळ्या आणि हार देऊन भागणार नाही. ज्या एका गोष्टीनं तो तिकडे जिवंत राहिला, ती इकडे द्यावी लागेल: ठरल्या वेळी गाडी उभी करून झोपायची मुभा. ती त्याला मिळाली तर बाजूच्या गाडीतल्या, कधी फौज न पाहिलेल्या पोरालाही मिळेल.

आईनं नव्या वर्षाचं कॅलेंडर मेजरच्या बायकोकडे पाठवून दिलंय. सोबत एक लाल पेन.